ज्वालामुखीत बाली ट्रिप अडकली तेव्हा: नौपाड्यातल्या ट्रॅव्हल ऑफिसचा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये आमचं बालीचं बुकिंग होतं आणि तेव्हाच इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा लेवोटोबी लाकी-लाकी ज्वालामुखी फुटला, बालीच्या ढीगभर फ्लाइट्स कॅन्सल, घरी सगळे टेन्शनमध्ये. नौपाड्यातल्या ट्रॅव्हल ऑफिसच्या मॅडमनी आम्ही विचारायच्या आधीच फोन केला, नवीन तारखा घेतल्या आणि हॉटेलचे पैसे एक रुपया न कापता पुढे वळवून दिले. माझा भाऊ चिडलेला, म्हणे डोंगर कुठे, बाली कुठे, शेकडो किलोमीटर लांब आहे ना! तर मॅडमनी नीट समजावलं की राखेत दगडाचे आणि काचेचे बारीक कण असतात, ते जेट इंजिनात वितळून पात्यांवर चिकटतात, 1982 ला जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. मग गप्प बसला.

आणि हो, तिकडे फ्लोरेसला किमान 9 माणसं गेली हो, तापलेले दगड पडून घरं जळली, हजारो लोकांना गाव सोडावं लागलं. मॅडमनी हे पण सांगितलं, नुसतं रिफंडचं नाही बोलल्या, ते मला फार आवडलं. ऑफिस छोटंय, शनिवारी गर्दी असते, फोन करून जा.