ट्रायल्सच्या गाडीला पॅड कोणते: ऑरगॅनिक की सिंटर्ड?

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता दगड-ओढ्यांवरून मोटारसायकल हळू चालवायचा खेळ. त्या गाडीचा ब्रेक सुधारायचा म्हटलं की आधी मोठी डिस्क आणि भारी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) डोळ्यांपुढे येतात. माझंही तसंच झालं होतं. पण पुढे चार पिस्टनचं कॅलिपर बहुतेक गाड्यांना असतंच, गाडी सत्तर किलोच्या आसपास आणि वेग माणूस चालेल एवढा. ताकद कमी पडत नाही. कमी पडते ती पकड, आणि तीही नेमकी नको तेव्हा. त्यामुळे फिरून फिरून प्रश्न पॅडवरच येतो. मी ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचे) आणि सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) हे दोन्ही प्रकार भरपूर वापरलेत, तेव्हा माझा अनुभव सांगतो. तुमचा वेगळा असू शकेल.

एक अट मात्र आहे. लिव्हर किंवा पेडल मऊ लागत असेल तर पॅडचा विचार नंतर, आधी हवा काढा. मागच्या ब्रेकला वरून पेडल मारत बसून मला कधीच यश आलं नाही. कॅलिपर सोडवून निपल (हवा काढायचा स्क्रू) सगळ्यात वर येईल असं धरायचं, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून मध्ये लाकडाची पट्टी ठेवायची आणि सिरिंजने खालून ब्रेक ऑइल ढकलायचं. पुढच्याला मी रात्रभर लिव्हर हँडलला बांधून ठेवतो, सकाळी घट्ट मिळतो. कधीचं फोडून ठेवलेलं डॉट ४ ब्रेक ऑइल मात्र वापरू नका, ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

आता पॅड. कोरड्यात ऑरगॅनिक फार गोड चालतात, हे कबूल करायलाच हवं. आपल्या खेळात ब्रेक तापतच नाही, त्यामुळे थंड असतानाच पकड लागते, आणि ऑरगॅनिक ती देतात. एका बोटाने जेवढं दाबाल तेवढंच मिळतं. जागेवर तोल धरून पुढचं चाक इंचभर सरकवायचं असतं तेव्हा हे कळतं. आवाज नाही, डिस्कही कमी झिजते. सगळे सेक्शन, म्हणजे स्पर्धेतले आखलेले अडथळ्यांचे टप्पे, कोरड्या दगडांचे असते तर मी पुढे काही शोधलंच नसतं.

पण मध्ये ओढा येतो. पाण्यातून बाहेर पडायचं, ओल्या दगडावर चढायचं आणि लगेच पलीकडे उतरायचं. उतरताना पुढचा ब्रेक दाबला, हाताला काहीच लागलं नाही. पुन्हा दाबला, तर एकदम लागला, चाक जागेवर अडकलं आणि पाय खाली. पाय टेकल्याचा एक दंडगुण. पुढच्या फेरीत तेच, फक्त या वेळी घाबरून आधीच जोरात दाबला आणि गाडी आडवी. पडल्याचे पाच. पाण्यात असतानाच ब्रेक हलका धरून पॅड कोरडे करायचे, हा उपाय सगळे सांगतात आणि तो चालतोही. पण त्याच वेळी तेच बोट, तोच तोल आणि समोरचा दगड, सगळंच सांभाळायचं असतं. मला जमेना. पहिला दाब रिकामा जाणार की नाही, याचा विचार डोक्यात घेऊन मला दगडावर जाता येत नाही. सिंटर्ड घेतले ते एवढ्यासाठीच.

सिंटर्डची पहिली ओळख मात्र निराशेची झाली. पहिले दोन दिवस लाकूड दाबतोय असं वाटत होतं. उतारावर ब्रेक धरून धरून ते बसवावे लागले. बसल्यावरही कोरड्यातली ती नजाकत पूर्णपणे आली नाही, हे खरं. मागचा ब्रेक ओला झाला की असा किंचाळतो की पुढच्या सेक्शनवरची माणसं वळून बघतात. डिस्कही लवकर झिजते, तेव्हा तिच्यावर कोरलेली किमान जाडी अधूनमधून मोजत जा. पण पाण्यातून निघाल्यावर पहिल्याच दाबाला काहीतरी हाताला लागतं. कोरड्याइतकं नाही, तरी भरवसा ठेवण्याइतकं.

एक फायदा नंतर कळला. फोर्कच्या सीलमधून ऑइल गळून पॅडवर आलं होतं. ऑरगॅनिकच्या वेळी असंच झालं तेव्हा घासून पाहिले, धुऊन पाहिले, शेवटी फेकले. सिंटर्ड काढून उघड्यावर ज्योतीने तापवले, धूर संपेपर्यंत, आणि ते बऱ्यापैकी परत आले. आधी ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर ज्योत अजिबात लावू नका, काही क्लीनरांतून विषारी वायू निघतो.

स्टीलच्या जाळीचा होजही (ब्रेक ऑइलची नळी) लावून पाहिला. लिव्हर थोडी घट्ट झाली असं वाटलं, पण पुढचा होज मुळात छोटाच असतो. नवा घ्यायची वेळ आली असेल तर जाळीचा घ्या, मुद्दाम बदलू नका.

पावसात, ओढ्यात कधी जातच नसाल तर ऑरगॅनिकच ठेवा, मी अडवणार नाही. बदलणार असाल तर जुन्या पॅडचा थर बसलेल्या डिस्कवर नवे चढवू नका. आधी पॉलिश पेपरने डिस्क दोन्ही बाजूंनी गोल गोल घासा, स्वच्छ फडक्याने पुसा, आणि मग बोटांनी तिला हात लावू नका.