पवनचक्कीच्या पायाचं डिझाइन करून घेतलं, त्याचा अनुभव

जत तालुक्यात माळावर २ मेगावॅटच्या पवनचक्क्यांच्या पायाचं काम आमच्याकडे आहे, त्यासाठी पुण्याच्या एका कन्सल्टंटकडून डिझाइन नव्याने करून घेतलं, आणि पैसे वसूल झाले असं मनापासून सांगतो.

आधीच्या कन्सल्टंटने सगळ्या लोकेशनला एकच ड्रॉइंग दिलेलं, २० मीटर व्यासाचा गोल पाया, त्यात हिशोबाला भूजल थेट जमिनीच्या लेव्हलपर्यंत धरलेलं. जतला प्यायला टँकर आणि पायात पाणी कुठून येणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होतो. पण हे पुण्याचे साहेब स्वतः खड्ड्यात उतरले, कडेचा कातळ हातोडीने ठोकून बघितला आणि म्हणाले, अहो हा खड्डा म्हणजे हौद आहे, दोन मोठे पाऊस झाले की भरावातून पाणी आत उतरणार आणि बाहेर पडायला वाटच नाही. पाया बुडाला की काँक्रीटचं घनमीटरला २५ किलोन्यूटन वजन १५ वर येतं, वरच्या भरावाचं १८ चं ८, आणि पवनचक्की वाऱ्याने उलटू नये म्हणून धरून ठेवतं ते हेच वजन.

मग त्यांनी एकेक लोकेशन वेगळं बघितलं. जिथे उतार आहे तिथे तळातून भोकाचा पाइप टाकून पाणी उताराला काढलं आणि व्यास १८ मीटरवर आणला, सपाट जागेला मात्र २० च ठेवला, मी कितीही मागे लागलो तरी. छोट्या पायाला एका ठिकाणी साठेक घनमीटर काँक्रीट वाचलं, सळई वेगळीच. नेहमीच्या वाऱ्यात पायाचा तळ कुठेही जमिनीवरून सुटता कामा नये, हा आयईसी ६१४००-६ (पवनचक्कीच्या टॉवर आणि पायाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) मधला चेक त्यांनी आकड्यांसकट समजावून दिला, आजवर मला कुणी सांगितला नव्हता.

भरावाबद्दल फार कडक आहेत बरं का, दर थराला सँड रिप्लेसमेंट टेस्ट (छोटा खड्डा काढून, त्यात वाळू भरून थर किती घट्ट बसलाय ते मोजायचं), घनमीटरला वजन १८ किलोन्यूटनच्या खाली आलं की थर उकरून परत रोलर. माझे दोन दिवस गेले त्यात, पण बरोबरच आहे ते, भरावाचं वजन हिशोबात धरलंय म्हटल्यावर ते जागेवर असायलाच पाहिजे ना.

एक तक्रार, ड्रॉइंग आठवडाभर उशिरा आलं आणि सळईचं शेड्यूल (कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची त्याची यादी) दिलंच नाही, अँकर केजजवळ (टॉवर धरणाऱ्या बोल्टचा पायातला पिंजरा) रिंगा कुठून ओवायच्या ते आमच्या फिटरनेच रात्री बसून काढलं. पुढच्या लोकेशनला शेड्यूल आधी हातात घेऊनच ॲडव्हान्स देणार, पण काम त्यांनाच देणार.