जिममधला ट्रेनर की घरी येणारा? दिसत नसताना वजनं उचलायची ठरवली तर

रत्नागिरी-चिपळूणकडे आता पर्सनल ट्रेनर मिळणं कठीण राहिलेलं नाही. जिममध्ये जादा पैसे भरले की एक जण आपल्या वाट्याला येतो, आणि त्यांच्यातलेच काही सकाळी स्कूटरवर डंबेल टाकून घरीही येतात. दिसत नसलेल्या माणसाला मग ठरवायचं उरतं ते एवढंच, की जायचं का बोलवायचं. मी दोन्ही केलंय. मला अजिबात दिसत नाही, चाळिशी उलटलीय आणि घर रत्नागिरीच्या जरा बाहेर आहे. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांचा हिशेब कदाचित वेगळा निघेल.

वजनं का उचलायची, हे सांगत बसत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अपंग प्रौढांनाही लागू आहे. ‘तुला कशाला नसता उद्योग’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी एवढं पुरे.

सुरुवात करण्याआधी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, ट्रेनर कुठलाही असो. दिसतच नाही तर डोळ्याला आता काय व्हायचंय, असं आपल्याला वाटतं. पण काचबिंदू असेल तर श्वास रोखून जोर लावताना डोळ्यातला दाब चढतो, आणि डोकं खाली करायचे प्रकारही त्यात भर घालतात. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा पडद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टर थांबायला सांगू शकतात. माझं दुखणं रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाणं. मला परवानगी मिळाली, वर ‘उचलताना श्वास सोडायचा’ अशी ताकीद. हे ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं, कारण जोर लावताना श्वास धरून ठेवायला शिकवणारेही पुष्कळ आहेत.

आता जिम. मशीनचा विषय निघाला की जिमला तोड नाही, हे मान्य करायलाच हवं. लॅट पुलडाउनला, म्हणजे डोक्यावरची दांडी खाली ओढायच्या मशीनला, बसलं की वजनाच्या पट्ट्या वरून बोटाने मोजत खाली यायचं आणि हव्या त्या भोकात पिन खुपसायची. स्टिकरवरचे आकडे बोटाला लागत नाहीत, पण मोजता आलं की काम भागतं. मशीनचा रस्ता ठरलेला असतो, तोल जायची भीती नाही. ओतीव लोखंडी प्लेटवरचा आकडा उठावाचा असतो, तो सरळ वाचता येतो. मला सगळ्यात आवडला तो तिथला वीस किलोचा मोठा रॉड. त्याच्या खरखरीत पकडीत दोन्ही बाजूंना एकेक गुळगुळीत कडं असतं. पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर ही दोन कडी एकमेकांपासून ८१ सेंटिमीटरवर असतात. करंगळ्या त्यांच्यावर टेकवल्या की दोन्ही हात रॉडच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. आरशाची गरजच नाही. स्वस्तातल्या रॉडवर हे कडं नसतं, तेव्हा घेताना बोट फिरवून बघा.

सुरुवातीला जिममधल्या ट्रेनरचं म्हणणं होतं की काका, तुम्ही मशीनवरच करा, रॉड नको. त्याला सांगावं लागलं की आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघ १९८१ पासून आहे, आणि त्यांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये अंध लोक स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठक), बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलणं) तिन्ही मारतात. त्याला वाटत होतं पॅरालिंपिकमधलं ते हेच. तिथे फक्त बेंच प्रेस असते आणि ती पायांचं अपंगत्व असणाऱ्यांसाठी. पोरगा समजूतदार होता. दुसऱ्या दिवसापासून रॉड हातात आला.

मग माझं मन कशावरून फिरलं? जिममधला ट्रेनर मधेच निघून जातो आणि जाताना सांगत नाही, यावरून.

मुद्दाम करत नाही तो. त्या वेळेचे पैसे मी भरलेले असले तरी सगळ्या खोलीत लक्ष द्यायला तो एकटाच. कोणी नवा मुलगा रॉड वाकडा धरतो, कोणी फी विचारायला येतो, नाहीतर खिशातला फोन थरथरतो. डोळस माणसाला तो निघालेला दिसतो, त्यामुळे ‘जातो हां’ म्हणायची त्याला सवयच नसते. मी बेंचवर आडवा, रॉड छातीपाशी, आणि विचारतोय, ‘कोपर बाहेर जातंय का रे?’ उत्तर नाही. पुन्हा जरा मोठ्याने विचारतो. मग पलीकडच्या बेंचवरून कोणीतरी म्हणतं, ‘काका, तो खाली गेलाय, फोन आला त्याला.’ रॉड खाली येईल, लागेल, ही भीती असतेच. पण रिकाम्या जागेशी इतका वेळ बोलत होतो आणि आजूबाजूचे ते ऐकत होते, हे जास्त लागतं. ज्याला दिसत नाही त्याला हे वेगळं समजवायला नको. बँकेत, लग्नात, एसटी स्टँडवर सगळीकडे हेच होतं. फरक इतकाच, की तिथे अंगावर लोखंड नसतं.

खोली शांत असती तर माणूस उठल्याचं कळलंही असतं. बूट वाजतात, बोलण्याची दिशा बदलते, जवळचा श्वास थांबतो. पण जिममध्ये स्पीकर चालू असतो. डोळसांना गाण्यांनी हुरूप येतो म्हणे. आपले मात्र त्या आवाजात कान जातात, आणि कान गेले की खोलीच जाते: रॅक कुठे, भिंत किती लांब, कोण जवळ उभं आहे, काहीच लागेना. मी विनंती केली. दोन-तीन दिवस आवाज खाली राहिला, मग कोणाला तरी मूड येईना म्हणून पुन्हा वर. ट्रेनरला म्हटलं, बोलायचं नसेल तर जाताना खांद्यावर दोनदा टिचकी मार. मारायचा, आठवलं की. त्याला एकट्याला दोष देणं बरोबर नाही. एकाच माणसावर अख्खी खोली चालवायची म्हटल्यावर असंच होणार. तुमच्या गावच्या जिममध्ये याहून बरी तऱ्हा असेल तर उत्तमच.

घरी पडवीत तो आणि मी, बस. तो गेला तर पायरी वाजते, कडी वाजते, आमचा मोती भुंकतो. पण मुळात जायला त्याला कारणच नसतं. आणि मी आधी धरलं नव्हतं असं एक घडलं: तो बोलायला लागला. ‘उजवा पाय घड्याळात दोनवर, डावा दहावर. आता गुडघे त्याच दिशेने.’ नुसत्या बोलण्याने समजलं नाही तर तो स्वतः खाली बसायचा आणि माझा एक हात त्याच्या कमरेवर, एक पाठीवर ठेवायला सांगायचा. कमरेतून वाकणं आणि पाठीतून वाकणं यातला फरक मला इतके दिवस कोणी सांगून कळला नव्हता. त्याच्या पाठीच्या कण्यावर हात ठेवल्यावर एका झटक्यात कळला. जिममध्ये चार लोकांसमोर हे कोण करणार? तोही अवघडतो, आपणही. माझ्या अंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते पाळणारा ट्रेनर मिळाला, हे माझं नशीब म्हणा हवं तर.

व्यायामही बदलले, आणि मला वाटतं चांगल्यासाठीच. बेंच नाही म्हणून जमिनीवर झोपून डंबेलची प्रेस: कोपर लादीला टेकलं की तिथेच थांबायचं. वजन त्याखाली जाऊच शकत नाही, वर कोणी उभं राहायलाही लागत नाही. स्क्वॉटला मागे लाकडी स्टूल, बूड टेकलं की उठायचं. किती खाली गेलो हे विचारावं लागत नाही. डेडलिफ्टमध्ये रॉड नडगीला घासत वर येतो, लांब गेला की लगेच समजतं. लंजेसचं, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकत चालण्याचं, मात्र जड गेलं. एका पायावर तोल सांभाळायला डोळा किती मदत करतो, हे कोणाही डोळस माणसाने डोळे मिटून एका पायावर उभं राहून पाहावं. त्यावर ट्रेनरने पडवीच्या दोन खांबांना कमरेच्या उंचीवर दोरी बांधली. दोन बोटं तिच्यावर ठेवून जायचं आणि यायचं.

घरच्या बाजूच्या उणिवाही काही थोड्या नाहीत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जुलैत ट्रेनरचा फोन आला की तो येत नाहीये हे घंटीवरूनच ओळखायचं. गणपतीत आणि शिमग्यात त्याच्याकडून काही अपेक्षाच नको. पावसाळ्यात लादीला घाम सुटतो, खाली रबरी मॅट नसेल तर पाय घसरतो. खाऱ्या हवेने लोखंडाला गंज धरतो, आणि आपल्याला तो फक्त दिसण्यापुरता नडत नाही: पापुद्रे सुटले की प्लेटवरचा उठावाचा आकडा बोटाला वाचता येत नाही. तेलाचं फडकं फिरवत राहावं लागतं. डंबेल घेणार असाल तर रबर चढवलेले षटकोनी घ्या. ते गडगडत नाहीत, ठेवले तिथेच सापडतात. शिवाय घरात माणसं असतात. सेट चालू असताना आई चहाचा कप आणून नाकाखाली धरते. शेजारचे भाऊ ओट्यावर येऊन गप्प उभे राहायचे. आता येतानाच खाकरतात.

पैशांचं म्हणाल तर घरचा ट्रेनर मला जिममधल्याच्या दीडपटीला पडतो. पण शहरात जायची-यायची स्पेशल रिक्षा धरली तर फरक फारसा उरत नाही. शहरातच राहणाऱ्याला तो उरेल. बायकांसाठीही गणित निराळं होईल. घरी येणाऱ्या बाई ट्रेनर आमच्या भागात क्वचितच मिळतात, त्यापेक्षा जिमची लेडीज बॅच सोयीची पडू शकते.

व्हिडिओ कॉलवरचा ट्रेनर सुरुवातीला नको असं मला वाटतं. आपण चौकटीत आहोत की नाही हेच आपल्याला कळत नाही, निम्मा वेळ ‘फोन थोडा डावीकडे’मध्ये जातो, आणि पावसात नेटवर्कचं काय सांगावं. प्रकार अंगवळणी पडल्यावर नुसता आवाजावर चालेल.

कोणालाही पैसे देण्याआधी एक दिवस बोलावून किंवा जाऊन पाहा. त्याला सांगा, एखादा साधा प्रकार हात न लावता, नुसता बोलून शिकव. ‘असं करा, हे बघा असं’ यापुढे तो सरकलाच नाही तर दुसरा शोधा, मग त्याच्याकडे किती का सर्टिफिकेटं असेनात. जिमच पसंत असेल तर दुपारची वेळ धरा, मालकाशी स्पीकरबद्दल बोला, वापरलेल्या प्लेटी जागच्या जागी जातात का हे तिथल्या एखाद्या मेंबरला विचारा. आणि ट्रेनरचा तो तास फक्त तुमचा आहे, हे शक्य तर मालकासमोरच ठरवून घ्या.

पायांची ताकद वाढली तसे घरचे डंबेल अपुरे पडायला लागले. म्हणून लेग प्रेससाठी, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनसाठी, अधूनमधून मी जिममध्ये जातो, दुपारी, एका दिवसाचे पैसे भरून. ट्रेनर मात्र माझा मीच घेऊन जातो.