बास्केटबॉल ठेवायचा की बेसबॉल? ग्विन आणि लॉफ्टन यांच्या वाटांवरून

मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं. मुलगा चौदाचा, डावखुरा, पायांनी चपळ, उंची बेताची. हिवाळ्यात शाळेकडून बास्केटबॉल खेळतो, वसंतात बेसबॉल. आतापर्यंत दोन्ही सुखाने चाललं होतं, पण यंदा दोन्हीकडच्या क्लबांना त्याचा उन्हाळा हवा आहे. कुठला खेळ सोडायचा? प्रसादाच्या रांगेत उभ्याउभ्या मी जे काही बोललो ते फारच अपुरं होतं, म्हणून आता नीट लिहितो आहे.

सांगलीहून आम्ही १९९६ साली सॅन डिएगोला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. शाळेत दोन्ही खेळ खेळलो आणि पंधराव्या वर्षी नेमका हाच निर्णय घेतला. त्यामुळे पुढे जे येईल त्यात माझा कल दिसेलच. तो लपवायचा माझा प्रयत्न नाही, पण तो सगळ्यांना लागू होईल असंही मी म्हणणार नाही.

या प्रश्नावर माझ्या मनात नेहमी दोन माणसं उभी राहतात, टोनी ग्विन आणि केनी लॉफ्टन. दोघेही कॉलेजात बास्केटबॉलचे पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून डाव रचणारे, दोघेही ५ फूट ११ इंच, दोघेही डावखुरे, आणि दोघेही पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातले क्षेत्ररक्षक) झाले. ग्विन बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर सॅन डिएगो स्टेटला आला आणि तिथे असिस्टचे, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासचे, विक्रम करून गेला. बेसबॉल त्याने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून जोडला आणि पुढे दोन्ही खेळ शेवटपर्यंत बरोबर नेले. जून १९८१ मध्ये एकाच दिवशी सॅन डिएगोच्या पाद्रेस या बेसबॉल संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि तेव्हा याच शहरात असलेल्या क्लिपर्स या बास्केटबॉल संघाने दहाव्या फेरीत. लॉफ्टनची गोष्ट याहून धाडसाची. ॲरिझोना विद्यापीठात तो स्टीव्ह करच्या मागचा बदली गार्ड होता, १९८८ मध्ये संघाबरोबर फायनल फोरपर्यंत, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांपर्यंत, पोहोचला. बेसबॉलच्या संघात तो आला थेट तिसऱ्या वर्षी. तिथे जेमतेम पाच सामने खेळला, अधिकृत हिशेबात एकदाच बॅटिंग केली, आणि तेवढ्यावर ॲस्ट्रोज या मेजर लीगच्या संघाने त्याला सतराव्या फेरीत उचललं.

बास्केटबॉलच्या बाजूने बोलायचं तर खूप आहे. एक चेंडू, एक रिंग, आणि कुणीही सोबत नसलं तरी दोन तास सराव होतो. खर्च कमी, वेळ कमी, सामना दीड-दोन तासांत आटोपतो. शरीराला जे वळण लागतं ते तर कुठेच वाया जात नाही. ड्रिबलिंगमुळे आपली मनगटं घट्ट झाली आणि त्याचा बॅट फिरवताना फायदा झाला असं ग्विन स्वतः मानायचा. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण हिवाळाभर बास्केटबॉल खेळून फेब्रुवारीत बेसबॉलच्या मैदानात उतरलो की चेंडू डोक्यावरून जाताना माझी कंबर आपोआप वळायची, पहिलं पाऊल आपोआप मागे पडायचं. समोरचा गार्ड बगल देऊन निघाला की आपण जसे वळतो, अगदी तसंच. ज्या वर्षी मी बास्केटबॉल सोडला त्या वर्षी ते पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडायला लागलं, असं मला तरी जाणवलं.

उंचीचा मुद्दा सगळेच काढतात, म्हणून थोडक्यात. ५ फूट ११ इंच बास्केटबॉलमध्ये आयुष्यभर खटकतात, बेसबॉलमध्ये तो विषयही निघत नाही.

माझा निर्णय मात्र उंचीने केला नाही. तो केला चेंडू न येण्याने.

१९९९-२००० चा हिवाळा. आमच्या संघात चेंडू हाताळायला दुसरा मुलगा होता, चांगला होता, आणि मला डाव्या कोपऱ्यात उभं केलेलं होतं. तिथे उभं राहायचं, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे ठेवायचे, गुडघे वाकवायचे, म्हणजे पास आला की लगेच फेकता येतो. मी तसा उभा राहायचो. माझ्याजवळ कुणी नसायचं, कारण माझा रक्षक रिंगखालच्या उंच मुलाला अडवायला गेलेला असायचा. चेंडू माझ्याकडे यायला निघतो आहे असं वाटायचं आणि तो आत वळायचा. मग पळत मागे, बचाव, पळत पुढे, पुन्हा कोपरा, पुन्हा तळवे उघडे. एका सामन्यानंतर गाडीत बाबांनी वाणसामानाच्या पावतीची मागची बाजू माझ्यापुढे धरली. बॉलपेनने चार उभ्या रेघा काढलेल्या होत्या. मी खेळलेल्या सगळ्या वेळात चेंडू माझ्या हातात चारदा आला होता, आणि त्यातला एकदा तर तो बाहेरून आत टाकायला. बाबांनी काहीच म्हटलं नाही. ते सांगलीच्या मैदानांवर कबड्डी बघत वाढलेले, चढाईला जाणारा प्रत्येक जण त्यांना दिसतो. त्यांना ते खरोखरच समजत नव्हतं, की मुलगा एवढा मोकळा उभा आहे तर त्याला चेंडू का देत नाहीत.

यात प्रशिक्षकांचा दोष मी कधीच मानला नाही. तो खेळच तसा आहे. जिथे गुण व्हायची शक्यता जास्त तिथे चेंडू जातो, आणि मोकळं उभं राहून रक्षकाला पेचात टाकणं हेही कामच आहे. ज्याला हे काम मनापासून आवडतं त्याने बास्केटबॉल जरूर ठेवावा. मला ते आवडेना. घरी आल्यावर अंग थकलेलं असायचं आणि हात मात्र कोरडेच.

बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम लागला की तुमचा नंबर येणारच. तुम्ही नववे असा, आधीच्या तिन्ही वेळा बाद झालेले असा, तरी चौथ्यांदा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागेवर, जाण्यापासून तुम्हाला तुमचा कुठलाही सहकारी अडवू शकत नाही. पिचरला तुमच्याकडे चेंडू टाकावाच लागतो. पंधराव्या वर्षी मला या गोष्टीचं जे समाधान वाटलं ते आजही तसंच आठवतं.

आता कुणी म्हणेल, आउटफिल्डमध्ये तरी चेंडू कुठे येतो? खरं आहे. दोन-दोन इनिंग नुसतं उभं राहावं लागतं. पण तिथलं उभं राहणं मी ग्विनला बघून शिकलो. १९९७ च्या उन्हाळ्यात बाबा मला मिशन व्हॅलीतल्या जुन्या स्टेडियममध्ये राइट फिल्डच्या स्वस्त जागांवर न्यायचे, तिथून ग्विनची पाठ आणि पाय दिसायचे. प्रत्येक पिचच्या आधी तो एक छोटं पाऊल पुढे टाकायचा आणि टाचा उचलल्यासारखा चवड्यांवर यायचा. चेंडू त्याच्याकडे येवो न येवो, प्रत्येक पिचला. त्या वर्षी त्याची बॅटिंगची सरासरी .३७२ (हजार वेळांत ३७२ यशस्वी फटके या हिशेबाने) होती आणि तो आठव्यांदा बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला आला, हे मला नंतर नीट कळलं. तेव्हा मी फक्त पाय बघत होतो. आउटफिल्डमध्ये चेंडू आला की ‘माझा’ म्हणून ओरडायचं आणि मग तो सर्वस्वी तुमचा. १९९६ च्या ऑगस्टमध्ये लॉफ्टनने बाल्टिमोरच्या बी. जे. सरहॉफचा जवळजवळ होमरन झालेला फटका सेंटर फिल्डच्या भिंतीवर चढून पकडला. ती चित्रफीत मुलाला दाखवा आणि त्याची उडी थांबवून बघा. रिंगवरून उसळलेल्या चेंडूवर, रिबाउंडवर, झेपावणारा माणूसच दिसतो.

डावखुऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक. डाव्या हाताने फेकणाऱ्याला सेकंड, शॉर्टस्टॉप, थर्ड आणि कॅचर या जागा जवळपास बंद असतात. उरतात पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफिल्ड. ग्विन आणि लॉफ्टन दोघेही आउटफिल्डरच झाले तो योगायोग नाही. बदल्यात डावीकडून बॅटिंग करताना फर्स्ट बेस, म्हणजे फटक्यानंतर पहिल्यांदा गाठायचा टप्पा, पाऊल-दोन पावलं जवळ पडतो, आणि चपळ मुलाला तेवढं फार होतं. लॉफ्टन १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं मेजर लीगच्या अमेरिकन लीग या गटात बेस चोरण्यात, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस धावत गाठण्यात, पहिला होता.

बेसबॉलचे त्रासही सांगायला हवेत. खर्च जास्त, शनिवार-रविवार अख्खे जातात, ग्लोव्ह आणि बूट वाढत्या वयात टिकत नाहीत. आणि अपयश घरी येतं. बास्केटबॉलमध्ये चुकलेला शॉट पुढच्या धावपळीत विसरला जातो, इथे बाद झाल्यावर डगआउटपर्यंत, म्हणजे संघाच्या बाकांपर्यंत, चालत यावं लागतं आणि मग पुढच्या नंबराची वाट बघत तेच डोक्यात घोळतं. एका एप्रिलमध्ये सलग बारा वेळा माझी बॅट रिकामी गेली. त्या दिवसांत मला कोपऱ्यातला तो डाव्या बाजूचा शॉट फार आठवला.

कॉलेजचा विचार असेल तर जागा बेसबॉलमध्ये जास्त आणि माणशी पैसा कमी, असं वर्षानुवर्षं होतं: डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या वरच्या गटाच्या, पुरुष बास्केटबॉलला १३ स्कॉलरशिप, बेसबॉलला ११.७, आणि त्या भल्यामोठ्या संघात वाटलेल्या. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांत हे आकडे जाऊन संघाची मर्यादा आली, बास्केटबॉलला १५ आणि बेसबॉलला ३४. एनबीएच्या (व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) निवडीला आता दोनच फेऱ्या असतात, बेसबॉलच्या निवडीला वीस. ग्विनला क्लिपर्सनी घेतलं ती दहावी फेरी आज अस्तित्वातच नाही. तरीही या आकड्यांवर चौदाव्या वर्षी निर्णय घेऊ नये असं मला वाटतं.

त्यापेक्षा दोघांच्या वाटांतला फरक बघावा. लॉफ्टन तीन वर्षं बॅटपासून जवळपास लांब राहून परत आला आणि कारकिर्दीत ६२२ बेस चोरले. पण त्यासाठी त्याला आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, तीन वर्षं घासावी लागली, आणि त्याच्यासारखे पाय क्वचितच कुणाला मिळतात. बॅट वाट बघत नाही. एक हिवाळा सुट्टी घेतली तर पहिले दोन आठवडे माझ्या तळव्यांना झिणझिण्या यायच्या आणि चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागायचा. म्हणून मला ग्विनची वाट जवळची वाटते: बेसबॉलचा उन्हाळा धरावा, आणि शाळेचा हिवाळी बास्केटबॉल जमेल तोवर सोडू नये. उलट करायचं असेल, म्हणजे बास्केटबॉलचा उन्हाळा धरायचा असेल, तर निदान आठवड्यातून दोनदा मुलाला बॅटिंग केजमध्ये, म्हणजे जाळीबंद सरावाच्या जागेत, न्यावं.

बेसबॉल घेतलात तर एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. ओठाखाली तंबाखूचा बार धरायची सवय या खेळात फार जुनी आहे. ग्विनला ती कॉलेजच्या वयापासून होती. लाळग्रंथीच्या कर्करोगाने तो १६ जून २०१४ ला गेला, वय अवघं ५४, आणि आजाराचं कारण तंबाखूच असं तो स्वतः सांगत होता. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये आता बंदी आहे, पण आपल्या मुलाशी आपण बोलायलाच हवं. तंबाखूची पुडी कशी घरात शिरते हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आणि ताई, फेब्रुवारी संपण्याआधी एक शनिवार मोकळा ठेवा. तेव्हा सॅन डिएगो स्टेटमध्ये दोन्ही खेळ एकाच वेळी चालू असतात, टोनी ग्विन स्टेडियममध्ये बेसबॉल आणि व्हिएहास अरीनात बास्केटबॉल. वेळापत्रक जुळलं तर एकाच दिवशी दोन्ही दाखवा. सामना बघू नका, मुलाकडे बघा. बास्केटबॉलला त्याची नजर कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या गार्डवर जाते का, आणि बेसबॉलला, पिच पडण्याआधी, राइट फिल्डरच्या पायांकडे जाते का, तेवढं मला कळवा.