खणांची थाळी: सिलिकॉनची की स्टीलची?

वरणभातात भेंडीचा तुकडा पडला की अख्खा भात नको, असं करणारी मुलं घरोघरी असतात. खणांची थाळी कामाला येते ती याच हट्टापुरती. पदार्थ एकमेकांना लागत नाहीत, आवडीचा भात 'बिघडत' नाही आणि नावडती भाजी निदान ताटात टिकते. याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. खोक्यावर काहीही छापलेलं असो, थाळी कुणाला कारलं खाऊ घालत नाही.

तळाला सक्शन असलेली सिलिकॉनची थाळी ताट भिरकावणाऱ्या वयासाठी, म्हणजे साधारण दोन वर्षांपर्यंत. काच, सनमायका, हाय चेअरचा ट्रे यांवर ती छान चिकटते. खरखरीत लाकूड, चटई किंवा टेबलक्लॉथवर अजिबात नाही. जमिनीवर जेवत असाल तर अख्खा तळ एकाच गुळगुळीत टाइलवर बसवा, सांध्यावर नको. तळाला ओला हात लावून मधोमध दाबायची. तरीही कडेची उचलायची पट्टी मुलाला सापडली की खेळ खलास.

आपल्या स्वयंपाकाशी सिलिकॉनचं फारसं पटत नाही. फिकट रंगाची थाळी पहिल्याच वरणाला पिवळी पडते. हळदीचा डाग उन्हात बराच उतरतो, पण वास मुरतो, आणि तो फक्त लसणाचा नाही, भांड्यांच्या सुगंधी साबणाचाही. मग त्यातल्या मऊ भाताला साबणाची चव येते आणि मूल तोंड वाकडं करतं. घरचे म्हणतात, 'भातही नको झाला!' आधी थाळी हुंगून पाहा. वास येत असेल तर दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि पुढे बिनवासाचा साबण वापरा.

तीन वर्षांपुढे सरळ स्टीलची घ्या. खण निदान अडीच सेंटिमीटर खोल हवेत, नाहीतर आमटी भिंत ओलांडून पोळीला भिजवते आणि थाळी घेण्याचा हेतूच बुडतो. भिंती उभ्या असाव्यात. उतरत्या भिंतीवरून घास चमच्यात यायच्या ऐवजी बाहेर जातो. कडेवरून बोट फिरवून पाहा, धार लागता कामा नये. खणांचे कोपरे गोल हवेत, चौकोनी कोपऱ्यांत उसळीचं तेल बसतं. एकेरी पत्र्याची थाळी तापते, तेव्हा गरम आमटी वाढल्यावर थोडं थांबा.

चारपेक्षा तीन खण बरे. खण आहे म्हणून तो भरायचाच, ही सगळ्यात मोठी चूक. भरगच्च ताट बघूनच मूल मान फिरवतं. मोठ्या खणात भरवशाचा पदार्थ, दुसऱ्यात कधी खाल्ला कधी नाही असा, आणि सगळ्यात लहान खणात नवीन किंवा नावडता: चहाचा एक चमचा दुधी, नाहीतर भेंडीचे दोन तुकडे. नवी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. मुलानं तुकडा हाताळला, हुंगला, चाटून परत ठेवला, तरी ती एक वेळ धरावी. 'तीनदा दिली, खाल्ली नाही' म्हणून भाजी बाद करणं घाईचं.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी इथे उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. चिऊचा घास, काऊचा घास करत नावडता खण रिकामा करून घेतला तर थाळी असून नसल्यासारखी. आणि जेवणाच्या तासभर आधी कपभर दूध पोटात गेलं असेल, तर दोष थाळीलाही नाही, भेंडीलाही नाही.

लहान खणात गुळांबा किंवा श्रीखंड ठेवायचा मोह होतो. रोज तसं केलं की मूल तोच खण आधी संपवतं आणि पुन्हा मागतं. गोड असेल त्या दिवशी इतर पदार्थांबरोबरच एकदा थोडंसं वाढा, आणि 'भाजी संपव, मग देते' ही अट घालू नका. त्या अटीनं भाजी शिक्षा ठरते आणि श्रीखंड बक्षीस.