मूळ फाइल मीच पाठवली होती

गेल्या श्रावणात कोथरूडमधील एका परिचितांकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेले असताना त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर मी काढलेले छायाचित्र मला दिसले. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे जाताना दिवे घाटात काढलेले ते छायाचित्र होते. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि डोक्यावरचे तुळशीवृंदावन एका हाताने सावरत एक आजी वळण चढत होत्या. माझ्या मूळ छायाचित्रात त्यांच्या दुसऱ्या हाताचे बोट धरून चालणारी पाच-सहा वर्षांची मुलगी आहे. भिंतीवरच्या कॅनव्हासवर ती मुलगी नव्हती. आजींच्या बोटाभोवती तिची इवलीशी मूठ तेवढी उरली होती आणि तिथेच चित्राची कड आली होती. मुलीच्या पायांशी, उजव्या खालच्या कोपऱ्यात, मी माझे नाव लहान अक्षरांत घातले होते; ते घालवण्यासाठी कोणीतरी मुलीसकट ती बाजूच कापून टाकली होती.

यजमानांनी हा कॅनव्हास एका खरेदीच्या संकेतस्थळावरून १,८०० रुपयांना मागवला होता. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

मी गेली काही वर्षे माझ्या छायाचित्रांच्या प्रती ऑनलाइन विकते. चोरी होईल ती माझ्या संकेतस्थळावरून होईल, असे मी धरून चालले होते, म्हणून तिथे माउसची उजवी कळ बंद केली होती आणि प्रत्येक चित्रावर नाव घातले होते. परंतु त्या कॅनव्हासवर टाळांच्या दोरीचा पीळ सुटा सुटा दिसत होता, आणि माझ्या संकेतस्थळावरच्या १,६०० पिक्सेल रुंदीच्या चित्रात तो दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे छपाई झाली होती ती ६,००० बाय ४,००० पिक्सेलच्या मूळ फाइलवरून, आणि ती फाइल मी आयुष्यात एकाच माणसाला दिली होती.

त्या गृहस्थांनी साधारण आठ महिन्यांपूर्वी फोन केला होता. बाणेरला एका नव्या भोजनगृहाच्या सजावटीचे काम आपल्याकडे आहे, वारीची बारा मोठी चित्रे फ्रेमसह हवी आहेत, असे त्यांनी सांगितले. बोलणे अदबीचे होते, कागदाच्या जाडीपासून फ्रेमच्या लाकडापर्यंत प्रश्न नेमके होते आणि दराबाबत त्यांनी फारशी घासाघीसही केली नाही. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, मालकांना मोठ्या आकारात छपाई कशी येते ते दाखवायचं आहे. चार चित्रांच्या ओरिजिनल फाइल पाठवता का? मंजुरी मिळाली की लगेच ॲडव्हान्स टाकतो.” बारा चित्रांचे काम हातचे जाऊ नये म्हणून मी त्याच रात्री चार फाइलींची लिंक त्यांना पाठवली. ॲडव्हान्स आला नाही. आठवडाभराने फोन उचलणेही बंद झाले. काम दुसऱ्या कोणाला मिळाले असेल, असे समजून मी तो विषय सोडून दिला, आणि या एका गोष्टीचा मला आजही सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो.

भिंतीवर चित्र कसे दिसेल हे ठरवायला मूळ फाइल लागतच नाही. मोबाइलवर भिंतीच्या फोटोत बसवून पाहायला ९०० पिक्सेलचे चित्र पुरते, आणि ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला घेतले तर त्याची जेमतेम तीन इंची प्रत निघते. छपाईचा दर्जाच पाहायचा असेल, तर आता मी मोठ्या चित्राचा एक तुकडा प्रत्यक्ष मापात ए-फोर कागदावर छापून कुरियरने पाठवते. खऱ्या ग्राहकाचे समाधान त्यावर होते. हट्टाने फाइलच मागणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही. उजवी कळ बंद ठेवण्याचा उपयोग नाही, कारण स्क्रीनशॉट कोणीही घेऊ शकतो. फाइलच्या आत नाव आणि संपर्क भरून ठेवणे चांगले, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यावर ती माहिती गळून पडते, हे ध्यानात ठेवावे.

पुरावा म्हणून माझ्या हाती दोन गोष्टी होत्या. कॅमेऱ्यातली रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, जिच्यात मुलीसकट संपूर्ण चौकट आहे, आणि यजमानांनी आपणहून दिलेले खरेदीचे बिल. विक्रीच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट मी तक्रार करण्याआधी घेतले, कारण तक्रार पोचताच पान नाहीसे होऊ शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर ठेवणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे बंधनकारक आहे, म्हणून मी ग्राहक सेवेच्या फोनवर वेळ न घालवता थेट त्या अधिकाऱ्याला लिहिले. प्रताधिकाराची (कॉपीराइटची) नोंदणी नसेल तर हक्क नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्र काढताच हक्क निर्माण होतो आणि छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय मालकाचे नाव जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. तक्रारीत मी मुलीसह आणि मुलीविना अशी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली, आणि पान उतरवले गेले.

आता मी कोणतेही चित्र पूर्ण चौकटीत प्रसिद्ध करत नाही. चारही बाजूंची एक पट्टी स्वतःकडेच राखून ठेवते. ज्यांना फाइल द्यावीच लागते त्यांना पैसे जमा झाल्यावर देते, आणि प्रत्येकाची कड किंचित वेगळी कापते, म्हणजे फाइल कोणाकडून बाहेर गेली ते कळेल. दिवे घाटाच्या त्या चित्राला मात्र या काळजीचा उपयोग नाही. मागच्या आठवड्यात ते दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने, मुलीशिवायच, पुन्हा विक्रीला आलेले मला दिसले, आणि त्याच कागदपत्रांसह मी दुसरी तक्रार पाठवली आहे.