मारुती ८०० मध्ये पाच गिअरचा बॉक्स आणि नवे बुश: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो. जुन्या ८०० ला गिअर पडायला त्रास होत असेल, तर गिअरबॉक्सच्या मागे लागण्याआधी लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणारा रॉड आणि त्याचे बुश (सांध्यात बसणाऱ्या नायलॉनच्या किंवा रबराच्या नळ्या) बदलून घ्या. मी बुशही बदलले आणि चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचाही बसवला. हाताला फरक पडला तो बुशांमुळे. पाचव्या गिअरचा फरक फक्त हायवेला कळतो, आणि तोही हातापेक्षा कानाला जास्त. खर्चाचं म्हणाल तर बुशांचा किट काहीशे रुपयांत येतो. बॉक्सचं काम मजुरीसकट हजारांत जातं.

गाडी २००३ ची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनची), चार गिअरची. कागदावर ताकद ३७ बीएचपी आणि ओढ, म्हणजे टॉर्क, ५९ एनएम. कंपनीने २००० साली बारा व्हॉल्व्हचं ४५ बीएचपीचं इंजिन आणि पाच गिअर घालून ८०० काढली होती, पण ती फार वर्षं चालली नाही. त्याच साली आलेली ७९६ सीसीची ऑल्टो मात्र गल्लोगल्ली झाली, म्हणून पाच गिअरचे बॉक्स आजही सहज मिळतात. माझा बॉक्स ऑल्टोचाच, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेला.

आधी गाडीचं दुखणं असं होतं की न्यूट्रलमध्ये लिव्हर वरणात पळी फिरावी तशी फिरायची. पहिला पडायचा नाही, रिव्हर्स खर्रकन वाजायचा. अशा वेळी एक साधी परीक्षा करून बघा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. ८०० चा क्लच केबलवर चालतो, त्यामुळे पुष्कळदा केबलचं सेटिंग करूनच काम भागतं. बंद गाडीतही शोधत बसावं लागत असेल, तर दोष रॉडमध्ये. आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की लिव्हर पुढेमागे होत असेल, तर इंजिनाची माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) आणि एक्स्टेंशन रॉडचा, म्हणजे लिव्हरची बैठक बॉक्सला बांधून ठेवणाऱ्या दुसऱ्या रॉडचा, रबरी बुश बघा.

माझ्या गाडीचा रॉड मिस्त्रींनी खाली काढला तेव्हा सांध्यातल्या नायलॉनच्या बुशाचं भोक गोल राहिलंच नव्हतं. लंबगोल झालं होतं, आणि एका अंगाला कागदाएवढी भिंत उरली होती. वरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं, त्यामुळे आत ग्रीसच्या जागी कासच्या रस्त्याची लाल माती. बुश आणि बूट बदललं, ग्रीस भरलं, तेव्हा जुनाच चार गिअरचा बॉक्स इतका नीट चालायला लागला की पुढचं काम करावं की नाही असा विचार पडला. लेथवाला पितळेचा बुश करून देतो म्हणत होता, ‘परत बघायला नको.’ नको म्हटलं. मित्राच्या गाडीत तसा आहे. खेळ शून्य, पण सिग्नलला उभं राहिलं की लिव्हर हातात झिणझिणते. नायलॉन झिजतो, पण इंजिनाची थरथर हातापर्यंत येऊ देत नाही.

तरी बॉक्स बदललाच, कारण साताऱ्याहून पुण्याला माझं येणं-जाणं फार, आणि चार गिअरची ८०० ऐंशीच्या पुढे गेली की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. वापरलेला बॉक्स विकत घेताना तळाशी उरलेलं ऑइल बोटावर घेऊन उन्हात बघा. काळं असेल तर हरकत नाही. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा (गिअर न वाजता पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजल्या आहेत, पुढच्या दुकानात चला. क्लच प्लेट बॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा, ड्राइव्ह शाफ्टचे दातेही जुळवून बघा. ही तपासणी दुकानातच करायची, गाडी जॅकवर चढल्यावर नाही. लिव्हर आणि दोन्ही रॉडही पाच गिअरवाल्या गाडीचेच घ्या. बॉक्स खाली आलेलाच असतो, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन टाका. त्याची मजुरी वेगळी पडत नाही. गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचंच भरा, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. जीएल-५ च्या काही ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. आरसीवर इंजिन आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे त्या बाजूने मला काही अडचण आली नाही.

आता वापराचं. हायवेला ऐंशीवर पाचवा टाकला की इंजिन खरंच शांत होतं, गाणी ऐकू येतात. पेट्रोल थोडं वाचतं, पण खर्च भरून निघेल इतकं नाही. त्या हिशेबाने कुणी करू नये. साठच्या खाली पाचवा निरुपयोगी, इंजिन कुंथायला लागतं. चार माणसं, एसी आणि समोरून वारा असेल तर सत्तरलाही चौथाच बरा. ५९ एनएममधून आणखी काय निघणार? यवतेश्वरचा घाट पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्यावर चढायची, अजूनही तशीच चढते. बाबा तर पाचवा टाकतच नाहीत, त्यांच्या लेखी गाडी चौथ्यावर ‘टॉप’ला असते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

पावसाळ्यानंतर खाली शिरून सगळं तपासलं. नायलॉनचे बुश घट्ट आहेत, बूट शाबूत आहे. एक्स्टेंशन रॉडचा लोकल रबरी बुश मात्र चिरला होता, तिथे ओरिजिनल टाकला. किमतीतला फरक चहापाण्याएवढा, त्यामुळे तिथे काटकसर करू नका. थंडीत सकाळी पहिल्या किलोमीटरभर दुसरा गिअर जड जातो. न्यूट्रलला एकदा क्लच सोडून परत दाबला की पडतो, ऑइल गरम झालं की तेही लागत नाही. जुना बॉक्स आहे, एवढं मी धरूनच चाललो होतो.

सध्या एका एक्सलच्या सीलपाशी ऑइल पाझरतंय. बॉक्स बसवताना दोन्ही सील बदला म्हणून सांगूनही त्या गॅरेजने एकच बदललं, बिल मात्र दोन्हींचं लावलं. तुम्ही काम करून घ्याल तेव्हा काढलेले जुने सील मोजून ताब्यात घ्या.